अंधाधुन खरंच एवढा भारी आहे का? ऑपरेटरच्या केबिनमधून एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे, इंजिनिअरिंगच्या एका पोरानं विचारलाय: "काका, अंधाधुन मोबाईलवर बघितला, तीन दिवस तुकडे तुकडे करून. सगळे डोक्यावर घेऊन नाचतात, नॅशनल अवॉर्ड पण मिळालंय, मला मात्र ठीकठाक वाटला. मर्डरचा पिक्चर म्हणावं तर भीती वाटली नाही, कॉमेडी म्हणावं तर पोट धरून हसलो नाही. मित्र म्हणतात तुला अक्कल नाही. मला अक्कल नाही का कौतुकच फुगवलेलं आहे?"

पहिली गोष्ट, अक्कल आहे बे तुला. नसती तर मित्रांसारखी मान हलवून मोकळा झाला असतास. दुसरी गोष्ट, कौतुक खरं आहे पण लोक भलत्याच गोष्टीचं कौतुक करायलेत, आणि तू ते ऐकून तीच भलती गोष्ट हुडकत बसलास म्हणून हाताला काही लागलं नाही. सविस्तर सांगतो, रिटायर माणसाला वेळच वेळ. पुढं सगळं फोडणार आहे, शेवटासकट, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या मग वाचा, उत्तर कुठं पळून जात नाही.

मी कोण सांगणारा? क्रिटिक वगैरे नाही. सोलापुरात एका सिंगल स्क्रीन टॉकीजमध्ये २६ वर्षं ऑपरेटर होतो, १९८५ ला पेट्या उचलायला हेल्पर म्हणून लागलो आणि डिजिटल आलं, रिळं बंद झाली, तेव्हा २०११ ला घरी बसलो. दिवसाला चार खेळ. एखादा पिक्चर आठ आठवडे चालला तर एकच सीन सव्वादोनशे वेळा बघायचा, आवडो न आवडो. आणि बघायचा कसा, तर काचेच्या छोट्या खिडकीतून, मशीनच्या खडखडाटात. पडद्यावरचं बोलणं एका छोट्या स्पीकरवर यायचं, त्याची पण बोंबच असायची, म्हणजे निम्मे पिक्चर मी मुकेच बघितलेत. आणि पडद्याच्या अलीकडं मला काय दिसायचं, तर लोकांची डोकी. मागून.

हे डोकी बघणं हेच माझं शिक्षण. माणूस मनापासून हसला की मान मागं जाते. घाबरला की खांदे वर येतात, कानाला टेकायला बघतात. बाल्कनीतल्या डॉक्टरचे असो का स्टॉलमधल्या लूम कामगाराचे, खांदे सगळ्यांचे सारखेच वर येतात. कंटाळला की मात्र माणूस आडवा बघायला लागतो, बाजूच्याशी बोलतो, बिडी काढतो. साध्या कॉमेडीला माना मागं जायच्या, साध्या थ्रिलरला खांदे वर यायचे. पण खांदे वर आलेले असतानाच मान मागं जाते, म्हणजे माणूस घाबरलेल्या अवस्थेतच हसतो, असं २६ वर्षांत फार थोड्या वेळा बघितलं. क्राइम कॉमेडीची माझी परीक्षा एवढीच आहे. दोन्ही एकदम होतंय का. एकामागून एक नाही, एकदम.

एकामागून एकचा माल आपल्याकडं ढिगानं आहे. खून झाला, पोलीस आले, गंभीर म्युझिक, मग मध्येच एक बावळट हवालदार घसरून पडणार. मग परत गंभीर म्युझिक. ही मिसळ नाही, हे एकाच ताटात वाढलेलं वरण आणि आईस्क्रीम. त्या हवालदाराच्या सीनला आमच्याकडं निम्मी पब्लिक लघवीला जाऊन यायची.

आता एक किस्सा सांगतो, जरा आडवा वाटेल पण त्यातच तुझं निम्मं उत्तर आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, सिद्धेश्वराची, तेव्हा खेड्यापाड्यातनं पब्लिक येतंय आणि टॉकीजला मरणाची गर्दी. अशाच एका यात्रेत एक मर्डर मिस्ट्री लागली होती, हिंदी, नाव राहू दे. दोन मशीन असायची आमच्याकडं, एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं लावून तयार ठेवायचं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, पुढच्या ठिपक्याला चेंजओव्हर. झोप झालेली नव्हती, हेल्परनं दिलेलं रीळ मी न बघता चढवलं, आणि सातच्या जागी नऊ लागलं. खुनी कोण ते नवव्या रिळात उघड होत होतं, घरातला गोड बोलणारा काका. मी डोक्याला हात लावला. आता खुर्च्या तुटणार, म्हणलं. तर कसलं काय, कोणी शिट्टीसुद्धा मारली नाही. नऊ संपल्यावर मी गुपचूप सात लावलं, आठ लावलं, आणि त्या सात आठमध्ये तो काका प्रत्येक वेळी "बेटा, काही लागलं तर मला सांग" असं काहीतरी बोलला की अख्खी टॉकीज हसायची. जे सीन पंधरा दिवस थंड जात होते त्यांना हसू. आणि हसताना पुढच्या रांगेतल्या बायकांचे खांदे वर! मॅनेजरनं मला शिव्या घातल्या ते सोड, पण त्या दिवशी मला कळलं की पब्लिकला माहीत असणं आणि पडद्यावरच्या माणसाला माहीत नसणं यात एक फट असते, आणि भीती आणि हसू दोन्ही त्याच फटीतनं येतात.

आता अंधाधुनकडं ये.

श्रीराम राघवनचा पिक्चर, ऑक्टोबर २०१८ ला आला. आकाश नावाचा पियानोवाला पोरगा पुण्यात प्रभात रोडला राहतो, आंधळा नाही पण आंधळ्याचं सोंग घेऊन जगतो. एका जुन्या हिरोच्या घरी खासगीत पियानो वाजवायला जातो, लग्नाचा वाढदिवस म्हणून. दार उघडते त्याची बायको सिमी, म्हणजे तब्बू. समोरची शेजारीण टकमक बघत असते म्हणून आणि पोरगा आंधळाच आहे म्हणून ती त्याला आत घेते. आत नवरा मरून पडलेला. आकाश पियानोवर बसतो, वाजवायला लागतो, आणि त्याला प्रेत दिसतं. नंतर बाथरूममध्ये लपलेला बाईचा यारही दिसतो. आणि हा काही करू शकत नाही, कारण त्याला "दिसत नाही". मग तो वाजवत राहतो आणि त्याच्यासमोर ते दोघं एक शब्द न बोलता सगळं साफ करतात, प्रेत बॅगेत भरतात.

हा सीन म्हणजे माझं चुकून लागलेलं नववं रीळ आहे, फक्त हे जाणूनबुजून केलेलं आहे. फटी किती आहेत मोज. बाईला वाटतं याला दिसत नाही. याला दिसतंय. यार बिचारा चोरपावलांनी चाललाय आंधळ्यासमोर. आणि आपण एकटेच आहोत ज्यांना सगळ्यांचं सगळं माहीत आहे. आयुष्मान खुरानाला करायचं काय होतं तर सगळं बघून काही न बघितल्याचा चेहरा ठेवायचा, बोटं चालू ठेवायची. लई अवघड काम आहे. नट लोकांना चेहऱ्यावर दाखवायला शिकवतात, इथं चेहऱ्यावर न दाखवण्याचा अभिनय करायचाय आणि तरी आपल्याला कळलं पाहिजे की आत त्याची फाटलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी हा पिक्चर लावला होता, भाच्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर, सोलापूरची, अजून काय. चाळीसएक माणसं. आमचा भाग पूर्व भागाला लागून, त्यामुळं निम्मे घरात तेलुगू बोलणारे, मागं दोन कुटुंबं अक्कलकोट साईडची कन्नड, बाकी आम्ही. हिंदी सगळ्यांनाच येते म्हणा, पण शब्दावरच्या कोटीचं असं असतं की अर्धा सेकंद उशिरा कळली की हसू फुटतच नाही. सोलापुरात हे मी आयुष्यभर बघितलं, बोलण्यातला विनोद डाव्या बाजूला पिकतो आणि उजवी बाजू त्यांच्याकडं बघून हसते. या पियानोच्या सीनला बोलणंच नाही. आणि मी सवयीनं मागं उभा राहून डोकी बघायलो होतो, तर चाळीस माना एकदम. एका रिटायर विणकर अण्णांनी तोंडावर हात ठेवला होता, हसू यायलंय आणि प्रेताला हसायचं कसं म्हणून. खांदे वर, मान मागं. तुला पोट धरून हसू आलं नाही म्हणतोस ना, बरोबरच आहे, हे पोट धरायचं हसू नाहीच. हे तोंडावर हात ठेवायचं हसू आहे. लोकांनी तुला कॉमेडी म्हणून सांगितलं तिथंच घोळ झाला.

आणि तू मोबाईलवर, तीन दिवसात. अरे, खांदे वर यायलाच वीस मिनिटं लागतात बाबा. ते वर आले की तू पॉज करून जेवायला गेलास, परत आलास तेव्हा खांदे खाली. म्हणून सगळा दोष तुझा असं मात्र म्हणणार नाही, पिक्चरचेही दोष आहेत, येतो तिकडं.

त्याआधी एक हिशोब चुकता करू. काहीजण म्हणतात पिक्चर चोरलाय. चोरलेला नाही, पण मुळातला नाही हेही खरं. ल'अकॉर्दर नावाची २०१० ची फ्रेंच शॉर्टफिल्म आहे, ऑलिव्हिए त्रेनेची, तेरा चौदा मिनिटांची, त्यात पियानो ट्यून करणारा माणूस आंधळ्याचं सोंग घेतो आणि भलत्याच दारात जातो. राघवनला ती हेमंत राव या कन्नड दिग्दर्शकानं सुचवली आणि लेखकांच्या यादीत त्याचंही नाव आहे. लपवाछपवी नाही, नॅशनल अवॉर्डसुद्धा आधारित पटकथेचंच मिळालंय, शिवाय उत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि आयुष्मानला उत्कृष्ट नट, तो विकी कौशलबरोबर वाटून. पण प्रामाणिकपणे बघितलं तर ज्या सीनची मी एवढी आरती ओवाळली त्याचं बी बाहेरचं आहे. मग राघवन आणि कंपनीचं स्वतःचं काय?

मला विचारशील तर दोन गोष्टी. एक, पोलीस चौकी. आकाश खून बघून तक्रार द्यायला जातो आणि तिथं इन्स्पेक्टर म्हणून तोच बाथरूममधला माणूस. या धक्क्याला लोक ट्विस्ट म्हणतात. मी म्हणतो फट अजून रुंद केली. आता याला तक्रार पण करता येईना आणि तोंड लपवून पळता पण येईना, आंधळा माणूस इन्स्पेक्टरचं तोंड बघून दचकेल कसा? तिथंच उभं राहून काहीतरी थाप मारायची. हॉलमध्ये इथं सगळ्यात मोठं हसू आलं आणि सगळ्यात लवकर थांबलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. ती शेजारीण, मिसेस डिसा. तिनं त्या माणसाला घरात येताना बघितलेलं असतं, पोलिसाला सांगते, आणि सिमी तिला वरनं ढकलून देते. आकाश तिथंच. बघतो. आणि काहीच करत नाही, काठी धरून आंधळा उभा. इथपर्यंत त्याचं सोंग म्हणजे गंमत होती, रे. आंधळा म्हणून लोक जरा जास्त मान देतात, सोफी नावाची पोरगी हळवी होते, काम मिळतं. आपण त्या सोंगाच्या बाजूनं होतो, पकडला जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. आणि अचानक त्या सोंगापायी एक म्हातारी जाते. हॉलमध्ये चिडीचूप. आपण ज्याला हसत होतो त्याचं बिल आलं. बिल न देता पळणाऱ्या क्राइम कॉमेडी मी पुष्कळ बघितल्यात, माणसं मरतात आणि पुढच्या सीनला गाणं. यानं बिल दिलं, आणि ते वेळेवर, इंटरव्हलच्या आत दिलं. मग लगेच सिमी त्याला प्रसादातनं औषध घालून खरोखर आंधळा करते. प्रसाद! काय डोकं बघ, चहा नाही म्हणता येतो, सरबत नाही म्हणता येतं, प्रसादाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडं जन्माला यायचाय. आमच्या हॉलमध्ये पुढं बसलेल्या मावशी "खाऊ नको रे" म्हणून मोठ्यांदा बोलल्या. त्यांना काय होणार ते कुठं माहीत होतं, पण बाईच्या हातचं काही घेऊ नये एवढं एव्हाना कळलेलं.

तब्बूबद्दल वेगळं सांगायला पाहिजे का? ती बाई खुनी आहे आणि प्रत्येक खून तिला घरकाम निघाल्यासारखा वाटतो, आता हेही मलाच निस्तरायला पाहिजे असा चेहरा. तिनं जर खलनायिकेसारखे डोळे वटारले असते तर पिक्चर तिथंच गेला असता. बाकी अनिल धवनला जुना हिरो म्हणून घेणं आणि टीव्हीवर त्याचीच खरी जुनी गाणी लावणं ही गंमत आमच्या वयाच्या लोकांसाठी आहे, पिक्चर छायागीत आणि चित्रहार या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना अर्पण केलाय, तुम्हा पोरांना ते कळणार नाही, ती चूक तुमची नाही. आणि प्रभात रोड. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्या स्टुडिओच्या जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, राघवन तिथंच शिकलेला. म्हणजे गडी स्वतःच्या कॉलेजच्या गल्लीतच खून पाडून आलाय.

आता दोष. इंटरव्हलनंतर पिक्चर घसरतो, आणि हे म्हणायला लोक का घाबरतात कळत नाही. खरोखर आंधळा झालेला आकाश किडन्या काढणाऱ्या डॉक्टरच्या तावडीत सापडतो. तिथं डॉक्टर स्वामी, एक रिक्षावाला, एक लॉटरीची तिकिटं विकणारी बाई. ही बाई म्हणजे छाया कदम, आमच्या जिल्ह्यातल्या नागराज मंजुळेच्या फँड्रीत जब्याची आई झालेली, सैराटमधली सुमनअक्का, त्यामुळं हॉलमध्ये ती दिसल्याबरोबर "अगं हीच की ती" झालं. कामं चांगली केलीत तिघांनी. पण बघ काय झालं. पहिल्या भागात चार माणसं आणि एक फ्लॅट, कोणाला काय माहीत आहे ते आपल्याला नेमकं पाठ. दुसऱ्या भागात कोण कोणाला फसवायलंय याचा हिशोबच लागत नाही, एक कोटीची खंडणी, मग हा त्याच्यावर उलटला, तो याच्यावर उलटला. फटच राहिली नाही कारण आपल्यालाही काही माहीत नाही. सगळेच आंधळे. डोकी बघितली तर आडवी व्हायला लागली होती. पोरं हसत होती डॉक्टरच्या बोलण्यावर, ती पण फक्त पोरं, अण्णा घड्याळ बघत होते. मान मागं, खांदे खाली. म्हणजे नुसती कॉमेडी झाली, वरण आणि आईस्क्रीम.

आणि योगायोग. आकाश नेमका त्या घरी त्या वेळी जातो हा योगायोग चालतो, एक योगायोग फुकट असतो, त्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. पण पहिल्या भागात एवढा जड वाटणारा इन्स्पेक्टर लिफ्टमध्ये अडकून मरतो, याला काय अर्थ आहे? ज्याला हरवायला पटकथेनं डोकं चालवायचं त्याला लिफ्टनं हरवलं. नंतर सिमीचाच दुर्मिळ ब्लडग्रुप, त्याच ब्लडग्रुपचं लिव्हर पाहिजे असलेला शेख. लॉटरीवाल्या बाईला पण एवढी लॉटरी लागली नसेल.

आता तुझे मित्र म्हणतील, काका तुम्हाला शेवट कळलाच नाही. कळलाय बे. दोन वर्षांनी युरोपात सोफीला आकाश भेटतो, ही सगळी कहाणी सांगतो, रस्त्यात ससा आडवा आला आणि गाडीचा अपघात होऊन सिमी मेली म्हणतो. आणि जाताना रस्त्यात पडलेला डबा काठीनं बरोब्बर उडवतो. काठीच्या मुठीला सशाचं डोकं. म्हणजे त्याला दिसतंय, म्हणजे त्यानं सांगितलेलं खोटं, म्हणजे ते योगायोग आळशी लेखकाचे नाहीत तर थापाड्या आकाशचे आहेत. ही बाजू मी पूर्ण ऐकून घेतली. चलाख आहे. डब्याचा तो एक फटका सुंदर आहे, त्यात पुन्हा बोलणं नाही, पुन्हा फट, आपल्याला दिसलं आणि सोफीला नाही.

पण मला त्यात एक खोट दिसते. दुसरा भाग ढिला आहे तो थाप असल्यामुळं, हे मान्य केलं तरी थापसुद्धा पकड घेणारी पाहिजे ना? थापाड्या माणूस तर जास्तच रंगवून सांगतो, आमच्या टॉकीजचा गेटकीपर असा होता, त्याची थाप आहे हे माहीत असून आम्ही चहा थंड करून ऐकायचो. शिवाय इन्स्पेक्टरच्या घरचे नवरा बायकोचे सीन आहेत, तिथं आकाश नव्हताच, ते त्यानं सोफीला कुठनं सांगितले? तेव्हा शेवटामुळं आधीचं सगळं आपोआप शुद्ध होतं असं नाही. इंटरनेटवर लोक शेवटाचा अर्थ लावण्यात एवढे गुंतलेत, दिसत होतं का नव्हतं, सिमी कशी मेली, डोळे कुठून आले, की पिक्चरचं कौतुक म्हणजे कोडं सोडवल्याचं कौतुक झालंय. मी म्हणालो ना भलत्याच गोष्टीचं कौतुक, ते हे. कोडं एकदा सुटलं की फेकून देतो आपण. पियानोचा सीन मी सहा सात वेळा बघितला असेल, उत्तर माहीत असून.

ही माझी दुसरी परीक्षा, खरं तर ऑपरेटरची पहिलीच. परत बघवतो का. नुसत्या ट्विस्टवर चालणारा पिक्चर दुसऱ्या आठवड्यात मरायचा, कारण पहिल्या आठवड्यातले लोक बाहेर पानटपरीवर खुनी सांगून टाकायचे. भीतीवर आणि हसण्यावर चालणाऱ्याला पानटपरी काही करू शकत नाही.

तुलनाच करायची तर १९८३ च्या जाने भी दो यारोंशी कर, कुंदन शहाचा, तोही त्याच इन्स्टिट्यूटचा माणूस. त्यातही प्रेत आहे, डिमेलोचं, आणि ते लपवण्याच्या भानगडीत नाटकाच्या स्टेजवर महाभारत चालू असताना प्रेताची द्रौपदी होते. अंधाधुनमध्ये प्रेताभोवती शांतता, इथं प्रेताभोवती नुसता धिंगाणा, मुखवटे, गदा, दुःशासन, धृतराष्ट्र "ये क्या हो रहा है" विचारतोय. नाटकवेड्या मराठी माणसाला तो सीन जास्तच लागतो, स्टेजवर गोंधळ उडाला की नट काय काय सांभाळून नेतात हे आपण हुतात्मा स्मृती मंदिरात बसून बघितलेलं असतंय. त्यात भक्ती बर्वे आहेत, संपादक शोभा, त्यांना गोड बोलून ब्लॅकमेल करताना बघणं हे एक वेगळंच सुख. तो पिक्चर पण मध्ये मध्ये ढिला आहे, फोनचे वगैरे सीन लांबतात. पण शेवटी पूल पडतो, आणि त्या दोन फोटोग्राफर पोरांनाच अडकवतात, आणि ती कैद्याच्या कपड्यात गळा कापल्याची खूण करतात. म्हणजे अख्ख्या हसण्याचं बिल शेवटच्या मिनिटाला, व्याजासकट, आणि ते आपल्या नावावर. अंधाधुननं बिल आधीच दिलं म्हणून शेवटी त्याच्याकडं द्यायला एक डबाच उरला.

म्हणून माझा हिशोब रुपयाला बारा आणे. इंटरव्हलपर्यंत सोळाच्या सोळा आणे, त्यात मी हात आखडता घेणार नाही, आपल्याकडच्या हिंदी पिक्चरमध्ये सलग एवढा वेळ भीती आणि हसू एका दोरीत वळलेलं मी दुसरं बघितलेलं नाही. पुढं आठ. डब्याच्या त्या फटक्यासाठी पाव आणा वर द्यावा असं वाटतं पण आता सुट्टे कोणाकडं असतात. अवॉर्ड दिलं ते चुकलं नाही. चीनमध्ये २०१९ ला लागला, तिथंही जोरात चालला, त्याचं मला अजिबात आश्चर्य नाही, पियानो वाजतोय आणि प्रेत बॅगेत चाललंय हे समजायला हिंदी कशाला पाहिजे. तेलुगूत नितीनला घेऊन मॅस्ट्रो म्हणून केला, मल्याळममध्ये केला, तमिळमध्ये केला, सगळ्यांना तोच सीन पाहिजे होता.

तू एक काम कर. परत अख्खा बघू नकोस. आकाश सिमीच्या दारात उभा राहतो तिथून चौकीतनं बाहेर पडेपर्यंत, एवढाच बघ, मोबाईलवर नको, घरच्या टीव्हीवर, एका बैठकीत, आणि घरातल्या ज्या माणसानं पिक्चर बघितला नाही त्याला पुढं बसव. स्वतः मागं बस. पडद्याकडं बघू नको, त्याच्या खांद्याकडं बघ. आजी असतील तर आजीच बसव, आजींचे खांदे खोटं बोलत नाहीत.

जाने भी दो यारों मी येत्या रविवारी हॉलमध्ये लावणार आहे, रात्री आठला, त्याआधी उजेड जात नाही. ये मित्रांना घेऊन. बसायला चादर स्वतःची आणायची, मागच्या वेळची पडद्याची चादर कोणीतरी घरी घेऊन गेलंय, दुसरी हुडकायलोय.